रिकाम्या आसनाची एकवीस आवर्तनं

बाविसाव्या वर्षापर्यंत मला माझं स्वतःचं नाव एका दमात सांगता येत नव्हतं. ज्या अक्षराने ते सुरू होतं त्याच अक्षरावर जीभ अडायची. कधी चार सेकंद, कधी नऊ. सेकंद मी मोजायचो, कारण मोजायला बोलावं लागत नाही. त्या वर्षी बी.एस्सी. झालो, गणितात वर्गात पहिला आलो आणि शाळेत गणित शिकवण्याच्या जागेसाठी दोन मुलाखती दिल्या. दोन्ही माझ्या नावापाशीच संपल्या. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी दया येऊन पाण्याचा पेला पुढे केला, ते नकारापेक्षा जास्त लागलं. तिसरी मुलाखत शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारच्या एका शाळेत होती, गणेशोत्सवातल्या मंगळवारी. ही शेवटची, नाही जमलं तर मामाच्या गोदामात पोती मोजायला बसेन, असं मी आईला सांगून टाकलं होतं. देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही उरला नव्हता.

आणि तरी आज बावन्नाव्या वर्षीही मला तेच वर्ष पुन्हा पुन्हा आठवतं. कंपू नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरापासून नया बाजारमागच्या गणपतीच्या मंदिरापर्यंत सायकलने अकरा मिनिटं लागायची. उत्सवाचे दहा दिवस मी ते अंतर रोज दोनदा कापत असे. कोपऱ्यावर बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, तळल्याचा वास, घरांच्या वर दिसणारा किल्ला, आणि मंदिराच्या दारात चपलांचा ढीग. आमची चाळीस-पन्नास मराठी घरं एरवी आठवडाभर हिंदीतच जगत, पण त्या दहा दिवसांत सगळ्यांना आपलं मराठी आठवायचं.

उत्सवातल्या रविवारी सकाळी गणपतीच्या स्तोत्राची एक हजार आठ आवर्तनं होत. अठ्ठेचाळीस माणसं बसत आणि एका सुरात प्रत्येकी एकवीस वेळा म्हणत. शेवटची फलश्रुती मात्र सगळं पुरं झाल्यावर एकदाच. संकल्प सोडताना आबा, म्हणजे मंदिराचे वयोवृद्ध कारभारी, स्पष्ट म्हणत, ‘अठ्ठेचाळीस आसनं, प्रत्येकी एकवीस.’ मोजणी माझ्याकडे होती. सोळाव्या वर्षी आबांनी माझ्या हातात एकवीस चिंचोके दिले आणि प्रत्येक आवर्तनाला एक सरकवायला सांगितलं. मला म्हणायला लावायचं नाही, पण बाहेरही ठेवायचं नाही, एवढा विचार त्यांनी केला होता, हे मला फार उशिरा कळलं. सहा वर्षं माझी मोजणी चुकली नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता.

त्या रविवारी चुकली. आमच्याकडे जागा धरायची तर आसनावर उपरणं ठेवून जातात. आरतीची गर्दी चालू असताना मी मागच्या खांबापाशी उभा राहून उपरणी मोजली, अठ्ठेचाळीस भरली, आणि निश्चिंतपणे चिंचोके घेऊन बसलो. माणसं मोजलीच नाहीत. एकविसावं आवर्तन संपलं, सगळ्यांनी आपापली उपरणी उचलून खांद्यावर टाकली, आणि तिसऱ्या रांगेत एक उपरणं तसंच घडी घातलेलं राहिलं. आमच्या नेहमीच्या मंडळींतल्या बंडूकाकांनी ते मुरारहून येणाऱ्या आपल्या मावसभावासाठी ठेवलं होतं. तो आलाच नव्हता. अठ्ठेचाळीस नव्हे, सत्तेचाळीस. एक हजार आठ नव्हे, नऊशे सत्त्याऐंशी.

हे फक्त मला दिसलं होतं. आबा फलश्रुती सुरू करायला घसा साफ करत होते. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं, आणि ते उघड करायला मला तोंड उघडावं लागणार होतं. मी उठलो. ‘एक’ म्हणायला मला सहा सेकंद लागले, ‘आसन’ म्हणायला त्याहून जास्त. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुणीतरी सुचवलं की एकवीस जणांनी एकेक म्हणून टाकावं, तीन मिनिटांत काम होईल. आकडा बरोबर होता. मीही तोच विचार केला होता. आबांनी मान हलवली. एका आसनाची एकवीस एकाच माणसाची, असा संकल्प होता.

‘मग बसणार कोण?’ बंडूकाकांनी विचारलं. ‘आमची तर सगळ्यांची झाली.’

मागून माझा मित्र हसत म्हणाला, ‘अबे, मोजणाऱ्याची कुठे झाली? अब तू ही बैठ, गणितज्ञ.’

हशा झाला आणि लगेच विरला, कारण ते खरं होतं. तिथे न म्हटलेला मी एकटाच होतो. मी बंडूकाकांचं उपरणं उचलून बाजूला ठेवलं आणि त्या आसनावर बसलो. पहिल्याच अक्षरावर जीभ अडली. समोरची मूर्ती धूसर दिसू लागली. दोन दिवसांनी मुरारच्या शाळेत काय होणार, ते मला तिथेच दिसलं.

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. साठीचे, केस अगदी बारीक कापलेले, पांढरा बुशशर्ट, पाठ ताठ. सगळ्यांना वाटलं, हाच तो मावसभाव. त्यांनी देवाला हात जोडले, माझ्या हातातले चिंचोके पाहिले आणि माझ्या डावीकडे जमिनीवरच मांडी घातली.

‘बोला मास्तर,’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘घाई कुणाला आहे? मी आहे सोबत.’

मला तोवर कुणीही मास्तर म्हटलं नव्हतं. त्यांनी बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून संथ सुरुवात केली, आणि मी त्या आवाजाच्या आडोशाने निघालो. पहिलं झालं, दुसरं झालं. चिंचोके मीच सरकवत होतो. चौदावा सरकवताना लक्षात आलं की ऐकू येणारा आवाज एकच आहे आणि तो माझा आहे. शेजारी फक्त बोटं चालू होती. ते कधीपासून गप्प झाले होते, हे मला आजही सांगता येत नाही. आयुष्यातली तेवढी एकच मोजणी मला हवी होती आणि तीच माझ्याकडे नाही. मी थांबलो नाही. जीभ वाहत राहिली. नंतरच्या फराळाचे पोहे निवत होते आणि एकही माणूस जागचा उठला नव्हता. एकविसावं संपलं आणि सगळ्यांनी मिळून फलश्रुती म्हटली. मंदिर असं दुमदुमलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

प्रसाद द्यायला वळलो तर ते गृहस्थ गेले होते. बंडूकाकांचा मावसभाव अकराच्या सुमाराला उगवला. वाटेत पडावच्या पुलावर त्याची स्कूटर पंक्चर झाली होती. आधी आलेले कोण, हे त्याला किंवा कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे चार रविवार मी सायकलवर नया बाजारपासून मुरारपर्यंतच्या गल्ल्या धुंडाळल्या. सापडले नाहीत.

मंगळवारी मुलाखतीत मला नाव विचारलं. जीभ अडली. मी टेबलाखाली गुडघ्यावर बोटांनी तो ठेका धरला आणि नाव सांगितलं. मग गुणोत्तर फळ्यावर शिकवून दाखवलं. अडलो दोनदा, पण थांबलो नाही. अकराव्या दिवशी पत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं आणि मला म्हणाली, ‘आता एकदा तुझं नाव सांग.’ तिला मी सात वेळा सांगितलं.

पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की अडखळणारी माणसं इतरांबरोबर सुरात म्हणताना सहसा अडत नाहीत. मी मान्य केलं. कारण कळल्याने उपकार कमी होत नाहीत. मी अजूनही कधी कधी अडतो. मुलं ओळखतात आणि वाट बघतात. गेल्या तीस वर्षांत मला एवढंच शिकता आलं की मोजणं माझं काम आहे, पुरं करणं माझं नाही. माझा अभिमान जिथे कमी पडला, तिथेच माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली होती.

उत्सवातली मोजणी आजही माझ्याकडेच आहे. आता मी आधी माणसं मोजतो, मग आसनं. शेवटी माझ्या डावीकडे एक आसन जास्तीचं घालतो. नवीन लोक विचारतात, मास्तर, हे एकोणपन्नासावं कशाला? मी त्यावर माझं उपरणं ठेवतो आणि चिंचोके हातात घेतो.