हकीमसाबांची खुर्ची

अण्णांच्या दहाव्याला मी बैठक नसलेल्या खुर्चीत बसलो. वर सतरंजी टाकलेली होती, खाली काही आहे का हे बघायचं मला सुचलं नाही. गुडघे हनुवटीला आणि उरलेला मी चौकटीच्या आत. भेटायला आलेल्या चौघांनी मला उपसून काढलं, त्यातला एक तर हसू दाबत डोळे पुसत होता. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे वैनींनी, आधी खुर्ची चाचपली. "मोडली न्हाई," म्हणाल्या. माझी चौकशी कुणी केली नाही.

अण्णा माझे चुलतभाऊ, औरादला मास्तर. टाकून दिलेलं लाकूड त्यांना बघवत नसे. कुणाच्या तुटक्या पाळण्याची त्यांनी भांड्यांची मांडणी केली, गाडीच्या जुन्या चाकाचा मेज केला. "अण्णा, उद्या मला बी रंधा माराल," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "आधी आत लाकूड हाय का बघावं लागंल."

निजामाचं राज्य गेलं त्या सप्टेंबरात शेजारचे हकीमसाब बायकापोरांसह निघून गेले. कुणी म्हणतं हैदराबादला, कुणी काहीच म्हणत नाही... घरात शिरले ते आमच्याच गल्लीतले. हकीमसाबांना नाडी दाखवायला ते ज्या खुर्चीत बसायचे, तिचेच हात त्यांनी तोडले. उरलेलं चुलीत जायचं, ते अण्णांनी घरी ओढून आणलं. दिवाण, कपाट आणि ही खुर्ची.

पारावर एकानं विचारलंच, "मास्तर, तुम्ही बी वाटा घेतलाव म्हणं?"

"व्हय," अण्णा म्हणाले, "मोडका तेवढा माझ्या वाट्याला आलाय."

मग शाळा सुटली की तेच काम. दिवाणाला स्वतःच्या झोपाळ्याची फळी बसवली. काळ्या शिसवी खुर्चीला फिकट आंब्याचे हात केले. मी शहाणपण शिकवलं, "रंग तरी सारखा द्या की. जोड दिसायलाय."

रंधा थांबला. "दिसू दे. हकीमसाब परत आले तर काय काय मोडलं, ते माझ्या तोंडानं त्यास्नी सांगवणार न्हाई."

बैठकीसाठी वेत आणायला ते बिदरला गेले आणि काखेत वेताची जुडी, अंगात ताप घेऊन आले. गावात नाडी बघणारं कुणी उरलं नव्हतं. जुडी तशीच कोपऱ्यात राहिली...

ती मी घेतली. कापडाच्या दुकानात बसून सुती गाठी ओळखणारा माणूस, वेत काय अवघड, असं वाटलं. भिजवला, ओढला, बोटं कापून घेतली. परवा बैठक पुरी झाली. मधे खोलगट, एका कडेला उसवल्यासारखी. पण बसता येतं. मी स्वतः बसून पाहिलं, हळूच.

वैनींनी बैठकीवर तळहात दाबून बघितला. बराच वेळ.

"हकीमसाब आले तर अण्णांचंच काम समजतील," मी म्हणालो.

"न्हाई," वैनी म्हणाल्या. "मी सांगणार, हे भाऊजीनं केलंय म्हणून. असलं काम मेलेल्या माणसावर घालू नका."