कडेची लाल चकती

काकूंच्या ताटात डब्यातल्या, जेलीसारख्या घट्ट क्रॅनबेरी सॉसची लाल चकती पडली, की त्या चमच्याच्या पाठीने तिला हळूहळू ढकलत ताटाच्या कडेला नेऊन ठेवत. "तुम्ही बसा तिकडे," असं चकतीला सांगत आणि मग लोणच्याकडे वळत.

अमेरिकेत, नोव्हाय गावात मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करत होतो. काका-काकू शेजारी, त्यामुळे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण त्यांच्याकडेच. काकू ताज्या क्रॅनबेरीचं, त्या आंबट लाल फळांचं, मोहरी-हिंगाच्या फोडणीचं लोणचं करत. तसलं लोणचं तुम्हीही कुठल्या तरी काकूंकडे चाखलं असेल. यांच्या हातचं खाल्लं की कान गरम व्हायचे. काकांना मात्र सॉस हवा, तोही डब्यातला. "डब्याच्या वळ्या दिसल्या पाहिजेत," असा त्यांचा आग्रह. शिकायला आले तेव्हा एका अमेरिकन घरी पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. त्या भरल्या टेबलावर या शाकाहारी माणसाला खाता येईल असं तेवढंच निघालं. काका ते विसरले नव्हते.

"डबा उघडायचा आणि थुलथुलीत गोळा ताटात पाडायचा, याला स्वयंपाक म्हणतात?" काकू विचारायच्या. दरवर्षी हाच वाद, आणि आम्ही मजा बघत जेवायचो.

एका वर्षी काकूंनी हट्टाने डबा आणलाच नाही. काका भांडले नाहीत. "पुढच्या वर्षी तरी आण गं," एवढंच म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

"तिथीबिथी तिकडची. इथे सुट्टी हीच तिथी," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. गणपती शनिवारी बसवणारे आम्ही, आम्हाला ते पटायचंच. काकांच्या नावाचं ताट त्यांनी पितृपक्षातून उचलून थँक्सगिव्हिंगवर आणलं, कारण लेक नेहा कॉलेजातून तेव्हाच घरी येई.

घरामागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, ताट ठेवलं. वरणभात, वडे, खीर, लोणचं. समोरच्या निष्पर्ण मेपलवर कावळे बसले होते. एरवी कचऱ्याच्या पिशव्या फाडून गल्ली डोक्यावर घेणारे हे पक्षी, पण त्या दिवशी एकाच्याही तोंडून आवाज नाही. एक खाली उतरला, कठड्यावर बसला. ताटाकडे त्याने पाहिलंच नाही. काचेच्या दारातून तो आत, आमच्याकडे बघत राहिला.

कावळा शिवला नाही, तर गेलेल्याचं काहीतरी राहिलंय असं आपण मानतो. काकूंनी काचेमागून हात जोडले. "नेहाचं शिक्षण पुरं करीन." कावळा ढिम्म. "हे घर विकणार नाही." ढिम्म. खिरीवर साय धरली. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही, पण अंगावर काटा आला हे खरं.

"आई, इट्स जस्ट अ बर्ड. कम, ईट," नेहा म्हणाली.

काकू खुर्चीत बसल्या. "एवढंसं मागितलं होतं गं त्यांनी. तेही मी दिलं नाही."

मी किल्ल्या उचलल्या. कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं, डबा मिळाला. परत आलो तेव्हाही कावळा तिथेच होता. काकूंनी डबा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने उघडला. गोळा पच्च आवाज करत बाहेर सरकला, अंगावर डब्याच्या वळ्यांसकट. त्यांनी एक चकती कापली आणि ताटात नेऊन ठेवली. हात मागे घेतात न घेतात तोच कावळ्याने चोच मारली. चकती संपवली आणि उडून गेला.

"लोणच्याला शिवलासुद्धा नाही मेला," काकू रडता रडता हसल्या. "अजून तस्सेच आहेत."

त्यानंतर दरवर्षी काकू डबा आणत. ताटात चकतीही घेत, आणि कडेला ढकलत. मला त्या बाईंचा फार लळा लागला होता.

मग काकूही गेल्या. त्यानंतरच्या थँक्सगिव्हिंगला नेहाने मला बोलावलं. लोणचं तिनेच केलं होतं, फोडणी जरा करपलेली. डेकवर दोघांच्या नावाचं ताट, चकतीसकट, ठेवून आम्ही काचेमागे उभे राहिलो. मेपलवर पुन्हा तीच शांतता.

एक कावळा उतरला. ताटाभोवती फिरला आणि थांबला. मग मिटल्या चोचीने त्याने चकतीला बाजूने रेटलं. हळूहळू, पार ताटाच्या कडेपर्यंत. मग वळून लोणच्यात चोच घातली.

नेहाने माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात मेपलवरून दुसरा कावळा आला आणि कडेच्या चकतीपाशी बसला.

तिने हळूच पडदा ओढून घेतला.

"चल दादा," ती म्हणाली. "त्यांना जेवू दे."