बुवांची ओळ

"लीड व्होकल म्यूट राहिलाय. चेक करून परत पाठवा," फोनवर निनाद सर म्हणाले.

"म्यूट नाही सर. गाणं तसंच आहे."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे बुवा गायले नाहीत. बाकीचे गायले."

पलीकडे सरांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. यवतमाळात लग्नं, ऑर्केस्ट्रा, निवडणुकीचा प्रचार, असं येईल ते काम करत आलो. कापसाची वाईट वर्षं चालू होती, तेव्हा पुण्याच्या या सरांनी आमच्या भागातल्या भजनांचा अल्बम काढायचं ठरवलं. विषय होता श्रद्धा आणि हलाखी. हलाखी शोधायला लांब जायची गरज नव्हती. गावोगावची मंडळं निवडून झाली. त्यात महागावजवळच्या एका खेड्यातले शामरावबुवा सरांना फार आवडले. त्यांचं रेकॉर्डिंग दिवाळीनंतर ठरलं.

मधल्या काळात बुवा कपाशीवर फवारणी करायला गेले. वारा उलटा फिरला आणि औषध नाकातोंडात गेलं. सरकारी दवाखान्यातून बुवा स्वतःच्या पायांनी घरी आले, आवाज मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर येणार नाही. शेतीवरून बुवांना गावात कोणी ओळखत नव्हतं. शेती सगळ्यांचीच तशी. पुढं बसून गाणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. तीच आता जायची वेळ आली होती.

सरांनी तोड काढली. बुवांच्या ओळी म्हणायला यवतमाळचा एक ऑर्केस्ट्रा सिंगर माझ्यासोबत दिला. भला माणूस, आवाजही चांगला.

रेकॉर्डिंग दौलतभाऊंच्या घरी लावलं. दौलतभाऊ म्हणजे मंडळाचे खंजिरीवाले. भाव नाही म्हणून त्यांनी कापूस विकलाच नव्हता, आतली खोली आढ्यापर्यंत भरलेली. कापसात आवाज घुमत नाही. स्टुडिओत त्यासाठी भिंतींना फोम लावावा लागतो. इथे तो बाजारभावाने लावून दिला होता. अंगाला खाज सुटली, ती वेगळी.

बुवा आले आणि पुढच्या जागी बसले. सिंगर उभाच.

"दौलतभाऊ, यांना कुठं बसवायचं?" मी विचारलं.

"बसू द्या ना कुठंबी. चहा सांगतो."

"तसं नाही. गायला."

"मंग मागं बसा म्हना आमच्यात. पुढची जागा खाली नाई ना साहेब. बुवा बसून राह्यले न तिथं."

"अहो, पण त्यांचा आवाज..."

"मले मालूम आहे. त्याईच्याच घरासमोर राह्यतो मी."

या भजनाची रीत साधी. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे तिला उत्तर देतात. या मंडळाचा आणखी एक नियम होता. पुढच्याला ठसका लागला तर त्याची ओळ दुसऱ्या कोणी उचलायची नाही. तेवढा वेळ खंजिरी वाजवत थांबायचं आणि मग आपलं उत्तर द्यायचं. ठसक्यासाठीचा हा नियम त्यांनी त्या दिवशी अख्ख्या गाण्याला लावला.

भजन जुनं, त्या भागात सगळ्यांना पाठ. बुवांची ओळ होती, "बोंड फुटलं, घर भरलं, नाव तुहं घेतलं." बुवांनी हात वर केला, ओठ हलवले. माझ्या हेडफोनमध्ये नुसता श्वास आला. मग मागच्यांनी उत्तर दिलं, "बोंड किडलं, भाव पडला, तरी नाव घेतलं." एक ओळ चांगल्या सालाची, एक वाईट सालाची. रेकॉर्डिंगमध्ये फक्त वाईट साल आलं. गाणं संपलं तेव्हा बुवांचा शर्ट घामाने भिजला होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. सिंगरही मागं बसून डोळे पुसत होता. कापसामुळे, असं त्याचं म्हणणं.

तर, तो फोन.

"कोणाकडून तरी वरून डब करून घेऊ," गाणं दुसऱ्यांदा ऐकून सर म्हणाले. "आणि कव्हरवर बुवांचं नाव नाही टाकता येणार. गायलेच नाहीत ते."

फोन स्पीकरवर होता. गाणं ऐकायला दौलतभाऊ यवतमाळला आले होते, माझ्यासमोरच बसले होते. ते फोनकडे वाकले. "साहेब, बुवा गायले नाई म्हन्ता, त मंग आमी कोनामागं गायलो?"

सरांनी डबिंगचा विषय सोडला. गाणं तसंच गेलं, अल्बमच्या शेवटी, जिथपर्यंत कोणी ऐकत नाही. कव्हरवर बुवांचं नावही आलं.

पुढच्या साली उमरखेडकडे एका सप्ताहात साउंड लावायला गेलो. बुवांनाही गाडीत घेतलं. दुपारी मांडवात कोणीतरी ते गाणं लावायला सांगितलं. खंजिरी सुरू झाली, बुवांची रिकामी ओळ आली, आणि बसलेल्या बायामाणसांनी ती म्हटली. सगळ्यांनी, मोठ्याने.

बुवा उठले. मला वाटलं, आता रडतात. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "घाई करून राह्यले," ते खरखरत म्हणाले. मग मांडवापुढे जाऊन त्यांनी हात वर केला. दुसऱ्या कडव्यापासून सगळा मांडव त्यांच्या मागं आला.

हे मी सरांना फोनवर सांगितलं. "व्वा!" सर म्हणाले. "पुढच्या अल्बमला सगळ्याच गाण्यांतला लीड काढू."

मी म्हटलं, काढू की. पण तो माणूस आधी जन्मभर पुढं बसून गायलेला पाहिजे, त्याला वेळ लागतो.

सरांनी विचारलं, साधारण किती?