गयाबाईचं नाव आणि बालाजीचा रुमाल

नांदेडच्या बसस्थानकावर मुखेडची गाडी लागली तेव्हा मी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची झणझणीत फोडणी) खात उभी होते. इस्लापूरला जाऊन सहस्रकुंडाचा धबधबा बघून झाला होता आणि आता मुखेडमार्गे लातूरला मैत्रिणीकडे जायचं होतं. मी साताऱ्याची, पानात काही टाकायचं म्हणजे जिवावर येतं. द्रोण चाटूनपुसून गाडीत शिरले, तर एकच जागा रिकामी. बसले. लगेच खिडकीखालून आवाज आला, "ओ ताई, रुमाल हाय तिथं!"

खरंच, मी एका निळ्या रुमालावर ठाण मांडलं होतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा सगळ्या महाराष्ट्रात चालतो, पण मराठवाड्यात तो जरा जास्तच कडक असावा. आसपासची माणसं माझ्याकडे चोर पकडल्यासारखी बघू लागली. रुमालवाली मात्र वर येऊन हसत म्हणाली, "बसा बसा. सरकून घिऊ, दोघी मावतो की."

तिचं नाव शोभा. मुखेडला तिचा लाकडी घाणा होता, करडीच्या (करडईच्या) तेलाचा. पिशवीतली बाटली तिने मला दाखवली. बाटलीवर वेबसाइटचा पत्ता छापलेला होता आणि त्यात तिच्या आईचं नाव होतं, गयाबाई.

"माय जन्मभर लोकांच्या रानात करडी काढत राहिली. हाताला काटेच काटे," ती म्हणाली. "नाव कुठंच न्हाई लागलं तिचं. म्हणून मी लावलं. आन् आता तेच जायची पाळी आलीया."

कसं, ते तिने गाडी कंधारच्या पुढे जाईपर्यंत सांगितलं. इंटरनेटवर पत्ता हवा तर ते नाव नोंदवावं लागतं आणि मुदत संपली की पुन्हा आपल्या नावावर करावं लागतं. मुखेडात हे काम एकटा बालाजी करायचा. तो म्हणेल तो भाव आणि तो म्हणेल तो दिवस. आता लातूरला एका बाईंनी तेच काम सुरू केलं होतं, निम्म्या दरात. शोभाला नाव तिकडे न्यायचं होतं. पण बालाजी म्हणे, नाव हलत नाही. महिनाअखेर मुदत संपणार होती आणि बालाजीचा यंदाचा भाव तिला झेपत नव्हता. नाव सुटलं असतं तर ते कुणीही उचललं असतं, आणि दिवाळीच्या बाटल्या तर छापून तयार होत्या.

"हलतं की नाव!" मी म्हटलं. माझ्या भाच्याने त्याच्या वेबसाइटचं नाव असंच एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलेलं मला माहीत होतं. "जुन्या दुकानदाराने एक कोड द्यायचा असतो, कुलपाच्या किल्लीसारखा."

"मग तुमी चला संगं," शोभा म्हणाली. ही विनंती नव्हतीच, हुकूम होता.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. मिरच्यांच्या ढिगांतून ठसकत आम्ही बालाजीच्या दुकानात पोचलो. माणूस गोड होता. आधी चहा आला, मग पंखा आमच्याकडे वळला.

"शोभाआक्का, नाव माझ्याच नावावर हाय," तो म्हणाला. "समद्यांचीच हायत. लोकाला ईमेल नसतो, म्हणून मी माझा टाकतो. पयल्यांदा रुमाल कोणी टाकला? मी. मग जागा कोणाची?"

त्यात लबाडी नव्हती, हेच अवघड होतं. अर्ध्या तालुक्याच्या दुकानांची नावं त्याने स्वतःच्या नावावर घेतली होती आणि त्यात काही चुकतंय असं त्याला मनापासून वाटत नव्हतं. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तोवर शोभा उठून उभी राहिली होती.

"बालाजीभाऊ, रुमाल तुमी टाकला, हाव. पण कोणासाठी टाकला? तिकीट कोणी काढलं? दरसाली मी काढून राहिले. मायचं नाव हाय ते. उठा."

झेरॉक्ससाठी थांबलेला एक म्हातारा शेतकरी डोकं हलवत म्हणाला, "बाई बराबर बोलून राहिली. दुसऱ्यासाठी रुमाल टाकला तर तो आल्यावर उठावं लागतं, बालाजी."

एसटीचा कायदा निघाल्यावर बालाजीचा इलाज खुंटला. तो आधी लाजला, मग खो खो हसला आणि खुर्ची ओढून संगणकासमोर बसला. मालकाच्या जागी त्याने शोभाचं नाव घातलं आणि कोड तिच्या फोनवर पाठवला. निघताना मात्र म्हणाला, "लातूरवालीचा भाव काय हाय, तेवढं तरी सांगा."

फोनवर काम झालं असतं, पण तोंड बघितल्याशिवाय सौदा नाही, ही शोभाची रीत. जांबमार्गे आम्ही लातूर गाठलं. वाटेत तिने डब्यातली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर कच्चं करडीचं तेल दिलं. दोन भाकऱ्या कधी संपल्या ते कळलं नाही.

लातूरच्या त्या बाई म्हणजे मेहराजबाजी (बाजी म्हणजे थोरली बहीण), एका छोट्या गाळ्यात बसायच्या. त्यांनी कोड घातला, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "अर्ज गेला. पाच-सहा दिवस लागतील, पण नाव आता कुठं जात नाही. बघा, मालक म्हणून तुम्हीच."

शोभाने पडद्यावर बोट ठेवून मायचं आणि स्वतःचं नाव वाचलं. मग पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले, आणि मी ते वाटेतल्या चटणीच्या तिखटावर ढकललं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बालाजी! तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. "आक्का, म्या भाव उतरवला. फुडच्या साली माघारी या. आन् समद्यांची नावं ज्याची त्याला करून देऊन राहिलो, पाटीच लावलीया." मेहराजबाजी गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "मग मलाही भावाचा विचार करावा लागेल."

"बघू की," शोभा फोनवर म्हणाली. "आता मला दोन दारं हायत."

साताऱ्याला परतून आता महिना झाला. गेल्या आठवड्यात शोभाने दिलेलं तेल संपलं म्हणून मी गयाबाईंचं नाव टाइप केलं, तर पान लगेच उघडलं. तेल आलं आणि खोक्यात बाटलीभोवती गुंडाळलेला निळा रुमाल निघाला. मी लगेच फोन लावला.

"ताई, दिवाळीनंतर मुखेडला या," शोभा म्हणाली. "जागा धरून ठेवलीया."