पोले

अतिया मोंबासाहून भिवंडीच्या निजामपुऱ्यात सून म्हणून आली ती २००५ साली, आणि येताना तिला भाषेची काडीचीही काळजी नव्हती. आजोबा याच भिवंडीतून आफ्रिकेत गेलेले, त्यामुळे घरात कोकणी बोलणं ती लहानपणापासून ऐकत आली होती. आजोबांनी नेलेली बोली तिकडे जशीच्या तशी राहिली आणि भिवंडीची मात्र भलतीकडेच गेली, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात नवरा, मुआज, जेवताना म्हणाला, "हिरामणने आज परत खाडा केला." हिरामण तळमजल्यावर त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. जेवण झाल्यावर अतिया खाली गेली आणि त्याने खड्डा नेमका कुठे खणलाय ते शोधत फिरली. खाडा म्हणजे कामावर न येणं, हे कळल्यावर ती पोट धरून हसली. मग तिला नादच लागला. कोणी "वाट लागली" म्हणालं, की कुठली वाट ते विचारायचं. मुआज म्हणाला, "डोकं खाऊ नकोस," तर त्याचाही अर्थ तिने त्याच्याकडूनच काढून घेतला.

एक गोष्ट मात्र तिला उलगडेना. सासू, हलिमाबी, मनात आलं तरच उत्तर द्यायची. खिडकीत तांदूळ निवडत बसलेली असताना अतियाने मागून विचारावं, "अम्मी, चहा ठेवू?" तर हूं की चूं नाही. जेवायला समोर बसली, की तीच हलिमाबी दहा प्रश्न विचारायची, आणि तेही अशा आवाजात, की अतियाला वाटायचं आपल्याला झापतायत. मुआज म्हणायचा, "लूमच्या गल्लीत सगळेच ओरडतात, आणि अर्धं तर हातवाऱ्यांनीच बोलतात." ओरडण्याचं तिने मान्य केलं. पण रुसवा असा हप्त्याहप्त्याने असतो का?

तिला वाईट वाटायचं. ईदपर्यंत करमलं नाही तर दोघं मोंबासाला राहायला जाऊ, असा मुआजने शब्द दिला होता. तो शब्द धरायचा तर अम्मी मागे एकटी पडणार. आणि इथे राहायचं तर आपण अम्मीला हव्या आहोत की नाही, हे तरी कळायला हवं.

एकदा हलिमाबी उंबऱ्याला ठेचकाळली. समोर उभ्या अतियाच्या तोंडून पटकन निघालं, "पोले." मोंबासात कोणी पडलं, दमलं, कोणाचं काही हरवलं, की समोरचा हेच म्हणतो. आपली चूक नसली तरी म्हणतो. तुझं दुखलं ते मला कळलं, एवढाच त्याचा अर्थ. पण हलिमाबीचा चेहरा उतरला. स्वतःचा अंगठा विसरून तिने सुनेचा हात धरला आणि ओढत नळाखाली नेला.

"कुठं पोलला? दाखव."

या घरात भाजण्याला पोलणं म्हणतात. अतियाने ओढणी तोंडाला लावून हसत सगळं सांगितलं, तर हलिमाबी कोरीच. ओढणी बाजूला करून पुन्हा सांगितलं, तेव्हा ती हसली. हसतानाही ती आपल्या डोळ्यांकडे बघत नाहीये, ओठांकडे बघतेय, हे अतियाच्या लक्षात आलं. असं का, याचं तिला कुतूहल वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लाईट गेली. सगळ्या गल्लीचे लूम एकदम थांबले आणि माणसं गप्पा मारायला ओट्यांवर आली. मुआजही खाली गेला. वर दोघीच, अंधारात. एवढी शांतता पुन्हा मिळणार नाही, असं वाटून अतियाने धीर केला.

"अम्मी, मी तुमाला आवडत न्हाय काय?"

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी रडवेल्या आवाजात. तरीही नाही. आता ईदची वाट तरी कशाला बघायची, असं मनात म्हणत तिने खाली जायला बॅटरी लावली. उजेड तिच्या ओल्या गालांवर पडला.

"रडतेस कशाला?" हलिमाबी घाबरून ओरडली. "काय बोललीस? उजेडात बोल."

अतिया होती तिथेच थांबली. मग जवळ जाऊन बसली, बॅटरी स्वतःच्या तोंडाकडे धरली आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, तोच प्रश्न विचारला.

हलिमाबीने आपल्या कानाला हात लावला.

"तीस वरसं लूमच्या बाजूला बसून सुताच्या कांड्या भरल्या," ती म्हणाली. "कान गेले. कोनाला कलला न्हाय. नवी सून बहिरी म्हनेल, म्हनून तुला पन बोलले न्हाय."

मग तिने सुनेच्या हातातून बॅटरी घेतली, स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवली आणि नीट दिसेल असं, सावकाश म्हणाली, "पोले."