कोचनं काढून घेतलेलं हेल्मेट

वेंडेल प्रुइट सतरा वर्षांचा असताना गावाला अमेरिकन फुटबॉलचं एकुलतं एक अजिंक्यपद मिळवून देणारा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू होता. त्या सामन्याला पस्तीस वर्षं झाली, तरी कॅफेत कुणीही त्याला त्यानं फेकलेल्या शेवटच्या, जिंकून देणाऱ्या पासची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाही. लोक तरी काय, एका पासवर जन्म काढतात! आणि वेंडेलला त्यातलं ओ की ठो आठवत नाही. मध्यंतराआधीच तो डोक्यावर आपटला होता. तेव्हाच्या कोचनं अमोनिया हुंगवून त्याला परत मैदानात ढकललं.

पुढं तो स्वतःच कोच झाला. बायको म्हणायची, तू घरात असून नसतोस. ती अमरिलोला बहिणीकडे गेली ती गेलीच. तेव्हापासून शाळेचं मैदान, नाहीतर ओट्याशी उभ्याउभ्या डब्यातलं राजमा-खिम्याचं कालवण खाणं. फार एकटा पडला होता तो.

यंदा शाळाच बंद होणार होती, पोरं शेजारच्या गावात जाणार. शेवटचा सामनाही त्याच गावाशी. चार गुणांनी मागे, तीन मिनिटं बाकी, आणि क्वार्टरबॅक क्ले डोक्यावर पडला. क्ले म्हणजे गॅरेट ओल्डमचा मुलगा. वेंडेलचा तो गाजलेला पास झेलला होता याच गॅरेटनं. क्ले उठला आणि आपलाच संघ समजून समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. वेंडेलनं त्याला बाहेर आणलं, हेल्मेट काढून घेतलं आणि काखेत मारलं. हेल्मेट नाही तर खेळ नाही. अख्खं गाव त्याच्या नावानं ओरडत होतं, पण त्यानं कुणाची भीड ठेवली नाही. बदली पोराचा पास जमिनीवर पडला आणि सामना गेला. नंतर हात मिळवायला गावातलं एक माणूस पुढं आलं नाही.

दवाखाना चाळीस मैलांवर. गॅरेटच्या पिकअपमध्ये तिघं, क्ले मधे.

"कोच, जिंकलो का?" क्लेनं विचारलं.

नाही, हरलो, असं वेंडेलनं सांगितलं. दोन मैलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गॅरेट तडकला.

"जिंकलो म्हणून सांग ना! त्याला कुठं आठवणार आहे?"

"मलाही जिंकलो म्हणून तुम्हीच सांगितलंत," वेंडेल म्हणाला. "खरंच असेल ते. पण पस्तीस वर्षं मी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकतोय, गॅरेट."



"कोच, जिंकलो का?"

"हरलो, पोरा. मी तुला बाहेर बसवलं म्हणून हरलो. उद्या विसरलास तर घरी येऊन विचार. आता मी घरीच असणार."