भास्कर गोळीने गेला नाही

लडाखमध्ये आमचं फौजेचं वर्कशॉप होतं. मी जानेफळचा, हवालदार, ट्रेड वेल्डर. नायक भास्कर संग्रामपूरकडचा, व्हेइकल मेकॅनिक. फौजेत नवा माणूस आला की आधी त्याचा ट्रेड, म्हणजे कामाचा हुन्नर, विचारतात. भास्कर छाती पुढे काढून सांगायचा. रिटायर झाल्यावर धाकट्या भावासोबत गॅरेज टाकायचं, हे त्याचं ठरलेलं होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी रेडिओ वाजला.

"अँब्युलन्स वळणावर अडकली. ब्रेक जाम. दोन पेशंट. ओव्हर."

"रिकव्हरी गाडी निघाली. आउट."

आम्ही पोचलो तेव्हा वरून बारीक दगड घरंगळत होते. भास्कर पाना घेऊन गाडीखाली शिरला. ब्रेक सुटला, भास्कर बाजूला सरकला, तशी ड्रायव्हरने अँब्युलन्स पुढे काढली. तो अजून उठतच होता, तेवढ्यात कडा खाली आला. आम्ही हातांनी दगड उपसले. उपयोग झाला नाही. पेशंट दोघेही वाचले.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. धाकटा प्रकाश गॅरेज चालवतो. अंगणात ट्रॅक्टरांची रांग, माणसाला जेवायला फुरसत नाही. तरी शेगावचे पाहुणे मुलगी द्यायला तयार नाहीत, कारण नोकरी नाही. म्हणून वडिलांनी गॅरेज बंद करायचं ठरवलं होतं. प्रकाशला कुठल्याशा ऑफिसात गार्ड म्हणून चिकटवायचं, आणि त्यासाठी शब्द टाकायचा मी. कंत्राट अकरा महिन्यांचं, पगार गॅरेजच्या निम्मासुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. ही कसली नोकरी, असं मी विचारलं.

"साहेब, अंगावर वर्दी तं दिसते न," वडील म्हणाले. "मिस्त्र्याले कोन पोरगी देते?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हटलं, "बाबा, भास्करही मेकॅनिकच होता. गाडी दुरुस्त करतानाच गेला."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे गावात बोलू नका. आमी सगळ्याइले गोळी लागली म्हनून सांगतलं हाय."

मी शब्द टाकणार नाही, असं सांगून उठलो. बाहेर प्रकाश ट्रॅक्टरखाली होता. त्याला मी सगळं खरं सांगितलं. तो हात पुसत बाहेर आला. त्यालाही घरच्यांनी गोळीच सांगितली होती.

आता तुम्हालाही सांगतो. नायक भास्करला गोळी लागली नाही. बर्फात पाठीवर पडून त्याने एक ब्रेक सोडवला आणि दोन माणसं घरी परतली. बाप आहेत म्हणून त्यांना मी जास्त बोललो नाही, पण त्याच्या कामाची लाज धरून त्यांनी हे लपवलं, याचा मला फार राग आहे.